मेस्त्री मामा, तुमच्या डब्यासाठी

मेस्त्री मामा,
सप्रेम नमस्कार.

परवा एडिटिंग करताना पडद्यावर तुमचा डबा आला आणि मला पुढचं काही सुधरेना. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतला एक दिवस, सकाळच्या भोंग्यापासून सुट्टीपर्यंत. एवढीच आमची छोटी फिल्म, आणि तीही हसवणारी. १९७६ चा 'कार वॉश' आम्ही मित्रांनी मिळून बघितला होता. लॉस एंजेलिसमधलं गाड्या धुण्याचं ठिकाण, तिथला एक शुक्रवार. नायक असा कुणी एकटा नाहीच. दिग्दर्शक मायकेल शुल्ट्झ यांनी शूटिंग चालू असताना सेटवर गाणी वाजवली होती, म्हणून त्या माणसांच्या फडका मारण्यातही ताल आहे. मला वाटलं, साच्यात माती ठोकणाऱ्या आपल्या मोल्डरांच्या हातात कुठं कमी ताल आहे?

पण जागा कोण देणार? एका कारखानदारांनी दोन महिने 'या, बघू' म्हणत खेटे घालायला लावले आणि शेवटी म्हणाले, कामगार हसताना दाखवलात तर लोकांना वाटेल इथं काम होत नाही. ते अजून टोचतं. भट्टीपुढं दिवसभर उभा राहणारा माणूस हसतो, म्हणूनच तर संध्याकाळपर्यंत तग धरतो!

तुम्ही तुमच्या मालकांशी काय बोललात ठाऊक नाही. रविवारी शेड उघडी मिळाली.

जेवणाच्या सीनला आम्ही रिकामे डबे मांडले होते. तुम्ही एक झाकण उघडून बघितलंत, कोपऱ्यात गेलात आणि स्वतःचा डबा आणून मधोमध ठेवलात. जोंधळ्याची भाकरी, झुणका, शेंगाचटणी. "रिकाम्या डब्याभोवती बसून हसू कसं येईल रे?" पोरांनी खरंच भाकरी मोडली. चटणीनं एकाला ठसका लागला, दुसऱ्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि सगळे खदाखदा हसले. यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. फिल्ममधलं सगळ्यात चांगलं दीड मिनिट तेच आहे.

तुम्ही त्या दिवशी नुसत्या चहावर राहिलात, हे मला वॉचमनकडून आठवड्यानं कळलं. आपल्या भागात भाषेवरून माणसं लगेच हमरीतुमरीवर येतात. तुमच्या घरात कन्नड, माझ्या घरात मराठी. तुम्ही भाकरी पुढं केलीत तेव्हा हे कुणाच्या मनातही आलं नाही. अशी माणसं शेजारी असली की गावात राहावंसं वाटतं, मामा.

येत्या रविवारी वडगावात फिल्म दाखवतोय. मामींना घेऊन या. तुमच्या डब्याचं एक झाकण आमच्या सामानात आलंय, तेही तेव्हाच देतो.