लक्सर ‘उरकण्या’चे गाव नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत इजिप्त सहलीचा जो नमुना कार्यक्रम छापून आला, त्यात लक्सरच्या वाट्याला एकच दिवस आहे: सकाळी कर्नाकचे देऊळ, दुपारी राजांची दरी (जिथे प्राचीन राजांची थडगी आहेत), संध्याकाळी बोटीवर. यातला क्रम नेमका उलटा आहे आणि दिवसही एकाने कमी आहे. शिवाय ‘तुतनखामेनचा खजिना याच दरीत पाहता येतो’ हे (त्या प्राचीन राजाविषयीचे) वाक्य दुरुस्त करावे. खजिना कैरोजवळच्या गिझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो तिथे एकत्र मांडलेला आहे. दरीत उरले आहे ते थडगे, भिंतीवरची चित्रे, दगडी शवपेटी आणि खुद्द राजाची ममी.

आधी क्रमाचे बोलू. नाईलच्या पूर्व तीरावर शहर आणि देवळे, पश्चिमेला, म्हणजे सूर्य मावळतो त्या बाजूला, थडगी. दरी पांढऱ्या चुनखडकाची आहे. दुपारी बाराला तिथे उन्हाची तिरीप वरून येते तशी खालूनही येते, आणि हे हिवाळ्यातसुद्धा. जून-जुलैत तर पारा सर्रास चाळिशीच्या वर असतो. दरीचा दरवाजा सकाळी सहाला उघडतो. क्रूझचे गट साधारण आठच्या सुमारास येतात आणि तांबड्या समुद्रावरच्या हुरघाडाहून पहाटे निघालेल्या बसगाड्या दहाच्या आसपास पोचतात. म्हणजे शांतपणे बघायला मिळतात ते पहिले दोन तास. पश्चिम तीर पहिल्या दिवशी पहाटेच गाठावा.

नदी ओलांडायला दोन मार्ग आहेत. पूल शहराच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर आहे. सहलीची बस त्या पुलावरून मोठा वळसा घालते आणि त्यात पाऊण तास सहज जातो. लक्सर देवळासमोरच्या धक्क्यावरून सार्वजनिक फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे सोडते. उतरल्यावर टॅक्सी ठरवताना एकेका ठिकाणाचा नव्हे, तर थांबण्याच्या वेळेसह संपूर्ण फेरीचा दर इजिप्शियन पौंडांतच बोलून घ्यावा. नुसते ‘दोनशे’ म्हणून बसलात, तर उतरताना ते डॉलर निघतात.

सगळ्यात जास्त माणसे अडकतात ती तिकिटांपाशी. राजांची दरी आणि हात्शेपसुत राणीचे देऊळ यांची तिकिटे त्यांच्या दारातच मिळतात. पण मेदिनेत हाबू आणि रामेसियम ही देवळे, देर अल-मदिना हे कारागिरांचे गाव आणि सरदारांची थडगी यांची तिकिटे मेम्नॉनच्या दोन बैठ्या पुतळ्यांपुढे रस्त्यालगत जे तिकीटघर आहे तिथे काढावी लागतात. थेट दाराशी गेलात तर पहारेकरी परत पाठवतो आणि अर्धा तास बुडतो. मोठ्या ठिकाणांच्या खिडक्यांवर आता रोख चालत नाही, कार्ड लागते. आंतरराष्ट्रीय व्यवहार कार्डावर सुरू आहेत की नाहीत, हे घरून निघण्यापूर्वीच तपासावे.

दरीच्या साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. तुतनखामेन, पहिला सेती आणि पाचवा-सहावा रॅमसेस (दोघांचे थडगे एकच) यांना वेगळे तिकीट आहे. तेही खालच्या खिडकीवर, विजेच्या गाडीत बसण्यापूर्वी घ्यावे. उघडी थडगी पाळीपाळीने बदलतात, म्हणून त्या दिवशीचा फलक वाचूनच तीन निवडावीत. तिसऱ्या रॅमसेसचे (केव्ही ११, म्हणजे दरीतले थडगे क्रमांक ११) उघडे असेल तर सोडू नये. त्यात आत जाणारा बोळ एका जागी अचानक उजवीकडे सरकलेला दिसतो. कारण कामगार खोदत खोदत शेजारच्या आमेनमेसे राजाच्या थडग्यात घुसले होते. मग आस बाजूला सरकवून काम पुढे नेले. चौथ्या रॅमसेसचे (केव्ही २) गुडघेदुखीवाल्यांना सोयीचे, उतार बेताचा. तिसऱ्या थुटमोसचे (केव्ही ३४) कड्यात उंचावर आहे. लोखंडी जिना चढायचा आणि मग आत पुन्हा उतरायचे. खाली गेल्यावर मात्र भिंतींवर काडीसारख्या रेघांची माणसे दिसतात, जणू पपायरसची (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाची) गुंडाळीच भिंतीवर उलगडली आहे.

वेगळ्या तिकिटाचे पैसे एकदाच घालायचे असतील तर, आमच्या मते, ते पाचव्या-सहाव्या रॅमसेसवर (केव्ही ९) घालावेत. शवपेटीच्या खोलीच्या छतावर नूत या आकाशदेवीचे लांबलचक शरीर दोनदा रंगवले आहे, एकदा दिवसाचे आणि एकदा रात्रीचे. तुतनखामेनचे थडगे लहान आहे. चार खोल्यांपैकी एकच रंगवलेली. गंमत म्हणजे ते वाचले त्याला हे केव्ही ९ च कारण. त्याच्या खोदकामाचा राडारोडा आणि कामगारांच्या झोपड्या या थडग्याच्या तोंडावर बसल्या आणि ४ नोव्हेंबर १९२२ ला पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरच्या माणसांना पहिली पायरी लागेपर्यंत ते झाकलेलेच राहिले. चित्रे निवांत न्याहाळायची असतील तर कार्टरच्या घराजवळ २०१४ मध्ये बसवलेली हुबेहूब प्रतिकृती बघावी. तिथे मागून कोणी ढकलत नाही.

गर्दीचा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही. थडग्याचा शेवटचा कक्ष म्हणजे एका बाजूने बंद असलेली बाटली. पन्नास माणसांचा श्वास आणि घाम तिथे जाऊन साचतो. दगडातले आणि गिलाव्यातले मीठ त्या दमटपणात विरघळते, हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होते आणि फुगताना रंगाचा पापुद्रा उचलते. बुटा-कपड्यांवरून आत येणारी धूळ चित्रांवर बसते आणि ती पुसण्यातही रंग जातो. अमेरिकेतल्या गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटने २००९ पासून दहा वर्षे तुतनखामेनच्या थडग्यात इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याबरोबर काम केले, त्यात हवा खेळती ठेवणे आणि धूळ रोखणे यांवरच मोठा भर होता. म्हणून पाठीवरची पिशवी आत पुढे, पोटाशी धरावी. अरुंद बोळात वळताना भिंतीला घासते ती पिशवीच.

देवळांची दुखणी निराळी. १९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पुरे झाले आणि वार्षिक पूर थांबला. पण बारमाही पाटपाण्याने, त्यात उसाच्या शेतीने, जमिनीखालचे पाणी वर आले. वालुकाश्म ते वातीसारखे ओढून घेतो. वाड्याच्या भिंतीला लोणा लागतो तसाच इथे कर्नाकच्या भिंतींना लागला. तळाकडच्या भागाकडे नीट बघा: कोरीव रेघा बोथट झालेल्या, मध्येच पांढरी किनार, आणि पायाशी गळून पडलेली वाळू. नंतर चर खणून पाणी उपसण्याची योजना झाली आणि पातळी उतरली. गेलेली अक्षरे मात्र परत येत नाहीत.

पहिल्या दिवशी दरीनंतर हात्शेपसुतचे देऊळ करून उन्हाच्या आत देर अल-मदिना गाठावे. सहलींच्या कार्यक्रमात हे नाव जवळजवळ नसतेच, आणि आमची मुख्य तक्रार हीच आहे. राजांची थडगी ज्यांनी खोदली-रंगवली त्या कारागिरांचे हे गाव. घरांची जोती आजही ओळीने उभी आहेत. तिसऱ्या रॅमसेसच्या २९ व्या वर्षी, इ. स. पू. ११५७ च्या सुमारास, धान्याचा पगार थकला तेव्हा या लोकांनी काम टाकले आणि ते राजांच्या देवळांपाशी जाऊन ठाण मांडून बसले. लेखी नोंद असलेला हा पहिला संप, त्याचा पपायरस इटलीत तुरीनला आहे. गावाच्या वर सेन्नेजेम या कारागिराचे थडगे (टीटी १, म्हणजे इथल्या खासगी थडग्यांच्या यादीतला क्रमांक १) आहे. खोली एवढीशी की पाच-सहा माणसांत भरते. पिवळ्या जमिनीवर तो आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात कापणी करताहेत, अंगावर पांढरी स्वच्छ वस्त्रे. रंग काल दिल्यासारखे. जाता जाता मेदिनेत हाबू, तिथले कोरीवकाम इतके खोल की त्यात बोट शिरेल (घालू नये).

दुसरा दिवस कर्नाकचा, तोही सहालाच. १३४ खांबांच्या मंडपात मधले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच आहेत, त्यांचे माथे उमललेल्या पपायरसचे आणि बाजूच्या १२२ खांबांचे मिटलेल्या कळीचे. मान वर करून तुळयांची खालची बाजू बघावी, रंग टिकला आहे तो तिथे. पण त्याआधी, पहिल्या महाद्वारातून आत शिरताच मागे वळावे. भिंतीला टेकून कच्च्या विटांचा चढ शिल्लक आहे. महाद्वार अपुरे राहिले म्हणून दगड वर चढवण्याची ही परांचीसारखी सोय काढायची राहून गेली. एवढे दगड वर कसे नेले, याचे उत्तर तिथेच पडलेले असते आणि गट त्याकडे पाठ करून पुढे जातात.

दुपार लक्सर म्युझियममध्ये काढावी आणि लक्सरचे देऊळ दिवे लागल्यावर बघावे. तिथे अबू अल-हग्गाग मशिदीचे जुने दार हवेत लटकल्यासारखे दिसते. देऊळ गाळा-मातीत बुडाले होते तेव्हा जमीन त्या दारापर्यंत होती.

थडग्यातले पहारेकरी दोरीपलीकडे बोलावतील, खुणेने काहीतरी दाखवतील आणि मग हात पुढे करतील. शब्दही आपलाच, बक्षीस. नको असेल तर ‘ला, शुक्रन’ म्हणून पुढे व्हावे. मदत खरोखर झाली असेल तर सुट्या नोटा जवळ असाव्यात. फोनने फोटो काढता येतात, फ्लॅशला बंदी आहे.

आणि एक. रमजान सध्या हिवाळ्याच्या अखेरीस, म्हणजे ऐन हंगामात येतो. त्या महिन्यात बरीच ठिकाणे लवकर बंद होतात, तेव्हा आरक्षणापूर्वी तारखा पडताळाव्यात.

आपले,
प्राचीन इजिप्तचे काही अभ्यासक