पहिला पत्रा मी आल्यावरच ठोक

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. मागच्या दोन खोल्यांवर पन्हाळी पत्रे घालायचे ठरवलंयस, तेही मेव्हण्याला हाताशी घेऊन घरच्या घरी, हे वाचून आधी हसू आलं, मग काळजी वाटली. हसू यासाठी की मीही असाच कमरेला हातोडी खोचून वर चढलो होतो. मी काही मिस्त्री नव्हे. पण आमच्या घरावरचे पत्रे मी एकदा चढवले आणि पुढच्या वर्षी अर्धे उतरवून पुन्हा चढवले, त्यामुळे एकाच छपराचा मला दुप्पट अनुभव आहे. तो तुला फुकट देतो.

झालं असं की पहिल्याच पावसात मधल्या खोलीत, दिव्याच्या बरोबर शेजारी, टपटप सुरू झाली. मी वर चढून त्या जागेच्या नेमका वरचा स्क्रू शोधला आणि त्यावर डांबराचा हा एवढा गोळा थापला. गळती थांबली नाही. मग शेजारच्या स्क्रूवर थापला. महिनाभरात छपराला देवी आल्यासारखं दिसायला लागलं आणि खाली बादली होतीच. नंतर कळलं की पाणी आत शिरत होतं चांगलं दीड मीटर वरून, दोन पत्र्यांच्या उभ्या जोडातून. ते पत्र्याच्या पोटाला चिकटून घरंगळत यायचं, आडव्या पाइपाला अडायचं आणि तिथे थेंब धरायचं. म्हणजे गळतं तिथे भोक नसतं, भोक असतं त्याच्या वर कुठेतरी. कधी शोधायची वेळ आलीच तर एकाला खाली खोलीत उभं कर आणि वर नळीने पाणी सोड, पण वळचणीपासून सुरुवात करून हळूहळू आढ्याकडे जा. एकदम वरून सोडलंस तर सगळीकडूनच पाणी येतंय असं वाटेल.

आता तो जोड का गळत होता? मी पत्रे चुकीच्या टोकाने घालायला घेतले होते. शिडी जिथे लावली होती तिथून सुरुवात केली, इतकं साधं कारण. पाऊस ज्या बाजूने वाऱ्याबरोबर झोडपतो, त्याच्या विरुद्ध टोकाला पहिला पत्रा पडायला हवा आणि मग वारा येतो त्या बाजूकडे पुढे सरकत जायचं. म्हणजे प्रत्येक नवा पत्रा आधीच्यावर चढतो आणि त्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. माझ्या छपरावर सगळ्या कडा वाऱ्याकडे तोंड करून होत्या. वारा पाण्याला अक्षरशः आत ढकलत होता.

चढ, म्हणजे एक पत्रा दुसऱ्यावर किती चढवायचा, हे तू विचारलं आहेस. बाजूला निदान दीड पन्हळ, म्हणजे पत्र्याची दीड लाट. एकाच पन्हळीची चढ ठेवून पत्रे वाचवायचा मोह होतो, कारण साध्या पत्र्याची एक पन्हळ म्हणजे साधारण ७५ मि.मी., आणि दीड पन्हळ दिली की प्रत्येक पत्र्यामागे एकशे बाराच्या आसपास मिलिमीटर झाकले जातात. पत्रे मोजताना ही रुंदी आधीच वजा कर, नाहीतर माझ्यासारखा शेवटी हातभर छप्पर उघडं ठेवून बसशील. वर-खाली जोड येत असेल तर खालची रांग आधी, वरचा पत्रा तिच्यावर, आणि चढ निदान १५० मि.मी. उतार कमी असेल तर २०० किंवा जास्तच. खरं सांगू? आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड लांबीचा पत्रा मिळत असेल तर तोच घे. वर चढवताना चार माणसं लागतील, पण आडवा जोडच राहणार नाही.

टोक ठरलं की दुसरी गोष्ट, तो पहिला पत्रा सरळ बसला आहे का. इथे मी दुसऱ्यांदा माती खाल्ली. मी तो भिंतीच्या कडेला जुळवला. भिंत दिसायला सरळ होती, गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती. तू आधी पाख्याचे, म्हणजे छपराच्या एका उताराचे, दोन्ही कर्ण मोज. सारखे भरले तर उत्तम. नसतील तर भिंतीचा नाद सोड, वळचणीला लांबच्या लांब दोरी ताण आणि पत्र्याची उभी कड त्या दोरीशी काटकोनात लाव. ३-४-५ चं माप शाळेत शिकलोय ते इथे कामाला येतं. भिंतीशी जो तिरपेपणा उरेल तो कडेच्या पट्टीखाली लपतो, कुणाला दिसत नाही. पहिला पत्रा ३ मीटर लांबीत फक्त १ से.मी. तिरका गेला, तर ९ मीटर पुढे गेल्यावर खालची कड ३ से.मी. सरकलेली असते. वळचणीला लावलेल्या, पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीत पत्रा साधारण ५ से.मी. उतरायला हवा, तो शेवटी २ से.मी.च उरतो आणि पाणी भिंतीवर. दर तीन-चार पत्र्यांनंतर वरची आणि खालची रुंदी मोजत जा. पत्रे पंख्यासारखे पसरायला लागतात, नुसत्या नजरेला ते कळत नाही. वेळीच कळलं तर पुढचा पत्रा थोडा ओढून किंवा दाबून भरून काढता येतं.

स्क्रूचं मात्र नीट ऐक. पत्र्याच्या खळग्यात पाणी वाहतं, म्हणून भोक माथ्यावर पाडायचं, खळग्यात नाही. स्क्रू उभा जायला हवा, जरा कलला की वायसर एका बाजूने उचललेला राहतो. आणि किती आवळायचा? मी मशीनचा घोडा दाबून धरायचो, घर्रर करत थांबेपर्यंत. वाटायचं, जितका घट्ट तितकं पाणी बंद. दुसऱ्या वर्षी पत्रे उतरवताना ते स्क्रू हातात घेऊन बघितले. लोखंडी चकतीखालचं काळं रबर चुरगळून बाहेर आलं होतं, कडेला चिरलं होतं, आणि ज्या माथ्यावर ते बसलं होतं तिथे बशीसारखा खड्डा पडला होता. त्या प्रत्येक खड्ड्यात पाणी साठत होतं. रबर चकतीच्या कडेने जेमतेम फुगलेलं दिसलं की हात थांबव. चकती बोटाने फिरता कामा नये, एवढंच बघ. वळचण, आढं आणि दोन्ही कडा इथे स्क्रू जवळजवळ घे, कारण वारा छप्पर उचलतो ते काठापासून. मधे थोडे विरळ चालतात.

कापाकापी जमिनीवर कर, आणि जमेल तितकी पत्र्याच्या कात्रीने. ग्राइंडरने काम झरझर होतं, पण कडेचा जस्ताचा मुलामा जळतो आणि गरम ठिणग्या पत्र्यावर चिकटतात. दोन पावसांत त्या प्रत्येक ठिपक्याला तांबूस डाग पडतो. भोकं पाडल्यावर पडणारा लोखंडी कीसही त्याच दिवशी मऊ झाडूने काढ. पत्र्यावर खुणा शिसपेन्सिलीने करू नकोस, पेन्सिलीतलं ग्राफाइट ओलाव्यात मुलामा खातं. मार्कर वापर. आणि पत्रे आणून ठेवशील ते कोरडे, थोडे तिरके. एकावर एक ओले पडून राहिले तर पांढरी भुकटी धरते, मग नवे पत्रे घालायच्या आधीच जुने दिसतात.

आढ्यावर टोप बसवण्याआधी एक बारीक काम असतं, ते बहुतेक जण विसरतात, मीही विसरलो होतो. प्रत्येक पत्र्याच्या वरच्या टोकाला खळग्याची कड पक्कडीने थोडी वर वळवायची. टोपाखाली वाऱ्याने चढलेलं पाणी तिथे अडतं आणि परत फिरतं. खाली वळचणीला उलट, तीच कड किंचित खाली वळवायची. प्रत्येक खळग्याला एक मिनिट लागतं. कंटाळवाणं आहे, पण कर.

सिमेंटच्या पत्र्यांबद्दल तू ओझरतं लिहिलं आहेस. आवाज आणि उकाडा दोन्ही कमी, हे खरं. पण ते ठिसूळ, त्यांवर आडवी फळी टाकल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं घ्यायचं, आणि चार पत्रे जिथे एकत्र येतात तिथे समोरासमोरचे दोन कोपरे कापावे लागतात, नाहीतर चार जाड्या एकावर एक बसून पत्रा तडकतो. घरावर आत्ता आहेत ते जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते तोडू, घासू, करवतू नकोस, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. तेवढं काम जाणकारांवर सोड. त्यात बचत बघू नकोस.

लोखंडी पत्र्यांचा मला मात्र एक कौतुकाचा भाग वाटतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा सपाट पत्रा दोन टोकांना धरला तर झोळीसारखा लोंबतो. तोच पन्हळी पाडून दिला की माणूस पेलतो. हेन्री रॉबिन्सन पामर नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८२९ साली याचं पेटंट घेतलं. वहीच्या कागदाची घडी घालून मुलं हेच करतात, पण पेटंट घ्यायचं कुणाला सुचतं?

वर चालताना पाय आडव्या पाइपाच्या रेषेवर ठेव, स्क्रूंची रांग बघून ती कळते. शिडी वर बांध, आणि तिची जितकी उंची त्याच्या पाव अंतर पाय भिंतीपासून लांब. वारा असेल त्या दिवशी पत्रा उचलूच नका. आडवा धरलेला पत्रा म्हणजे शीड, मेव्हण्यासकट उडेल.

तू एवढंच कर, दोन्ही पाख्यांचे कर्ण मोज आणि आकडे कळव. पाऊस कोणत्या अंगाने येतो तेही लिही, अंदाजाने नको, भिंतीवर ओल कुठल्या बाजूला धरते ते बघून. मी पुढच्या आठवड्यात दोन दिवस काढून येतो. माझं स्क्रूचं मशीन आणतो, त्याला घट्टपणा ठरवायची कडी आहे, ती मी शिकलो ते तीनशे स्क्रू वाया घालवून. तोवर पाइप ठोक, दोरी ताण, पत्रे झाकून ठेव. पहिला पत्रा तेवढा मी आल्यावर.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक