'कोर्ट'मधल्या सरकारी वकीलबाई : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळवले. अभिनयासाठी मात्र त्यातल्या कुणाचीही निवड झाली नाही. त्या वर्षी कंगना राणावत, संचारी विजय, बलजिंदर कौर आणि बॉबी सिम्हा यांना जे मिळाले त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे गीतांजली कुलकर्णी यांच्या नूतन या सरकारी वकिलाबद्दल आहे. हे काम सुटले, आणि आजच्या पद्धतीत अशी कामे पुन्हा सुटतील.

हा अभिनय बराचसा ऐकण्याचा आहे. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून लोकशाहीर नारायण कांबळे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत, आणि नूतन कलमे वाचते आहे. एका पट्टीत, भराभर, पूर्णविरामाची पर्वा न करता. कायद्याची अवजड इंग्रजी वाक्ये मराठी उच्चारांच्या वळणाने येतात. तिथून मराठीत, मग साक्षीदाराशी हिंदीत, आणि एकाही सांध्यावर जोर पडत नाही. आवाजात राग नाही, आरोपीबद्दल द्वेष नाही. हातातले काम उरकून पुढची तारीख घ्यायची, एवढेच. इथे कुलकर्णींनी कणभर जरी खुनशीपणा मिसळला असता, तरी प्रेक्षकाला खलनायिका सापडली असती आणि साऱ्या व्यवस्थेची सुटका झाली असती. तो मोह त्यांनी शेवटपर्यंत टाळला. लोकलच्या महिला डब्यात साडीबद्दल बोलताना, घरी स्वयंपाक करताना हीच बाई आपल्या ओळखीची, जवळची वाटते. कोर्टात आणि घरी माणूस एकच ठेवून दोन्ही खरे वाटायला लावणे फार कठीण.

शिवाय मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर राहतो. 'आता इकडे बघा' असे सांगणारा क्लोजअप नाही, पार्श्वसंगीताचा आधार नाही. दहा मिनिटांचा निवडक तुकडा पाहून हे काम कळणार नाही. सबटायटलमध्ये तर तिन्ही भाषा एकाच इंग्रजीत सपाट होतात. उच्चार, गती आणि भाषा बदलण्याची जागा, म्हणजे अभिनयाचा गाभाच, गळून जातो.

आता पद्धतीकडे येतो. २०१०पासून निवड दोन टप्प्यांत होते. विभागीय मंडळात पाच जण असतात, त्यातले तिघे त्या भागातले. केंद्रीय मंडळ अकरा जणांचे, देशभरातून आलेले. म्हणजे अंतिम निवाडा करणाऱ्यांत ती भाषा कानाने ओळखणारे मोजकेच. त्यात आणखी एक अडचण. 'कोर्ट'मध्ये आरोपी वीरा साथीदार, बचाव वकील विवेक गोम्बर, नूतन आणि न्यायाधीश झालेले प्रदीप जोशी यांत मुख्य कोण आणि सहाय्यक कोण? चित्रपट मुद्दामच कुणा एकाचा होत नाही. अशी भूमिका दोन्ही रकान्यांच्या मधल्या फटीत पडते.

म्हणून नियमांत काही बदल हवेत. विभागीय मंडळाने अभिनयाची शिफारस करताना प्रत्येक भूमिकेसाठी पानभर टिपण द्यावे : बोली कोणती, भाषा कुठे बदलते, सबटायटलमध्ये काय उतरत नाही, कोणते प्रसंग सलग पाहावेत. केंद्रीय मंडळात अभिनयावर चर्चा होताना ती भाषा जाणणारा एक परीक्षक बोलावा आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले जावे. एकाहून अधिक समान वजनाच्या भूमिका असलेल्या चित्रपटासाठी सामूहिक अभिनयाचा स्वतंत्र पुरस्कार असावा. यात नवल काही नाही. सहाय्यक अभिनेता-अभिनेत्रीचे पुरस्कारही आधी नव्हते, ते १९८४च्या चित्रपटांपासून सुरू झाले.

आणि सर्वात सोपी, जवळजवळ बिनखर्चाची गोष्ट : प्रत्येक अभिनय पुरस्कारासाठी अखेरच्या फेरीत विचारात घेतलेली पाच नावे निकालाबरोबर जाहीर करा. आज फक्त विजेते कळतात. नूतनची भूमिका चर्चेत आली होती की नाही, हेसुद्धा प्रेक्षकाला शोधून सापडत नाही. वीरा साथीदार एप्रिल २०२१मध्ये कोविडने गेले. त्यांच्या कांबळेंचे नाव त्या टेबलावर कुणी उच्चारले होते का, हे त्यांनाही कधी कळले नसावे.

पुढच्या पुरस्कारांच्या प्रवेशिका मागवण्याआधी नियमावलीत एवढी भर घालावी, ही विनंती.

आपले,
मराठी चित्रपटांचे काही अभ्यासक