रताळ्याच्या पिठावर विकराचे नाव छापा

महोदय,

एकादशी जवळ आली की आमच्या घरात पहिली काळजी आईच्या साखरेची. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणून तो आम्ही बंद केला. परवा दुकानात रताळ्याच्या पिठाचे एक पाकीट हाती आले. त्यावर लिहिले होते, 'एन्झाइम-प्रक्रिया केलेले, मधुमेहींसाठी उत्तम'. कोणते एन्झाइम, म्हणजे विकर, याचा पत्ता नाही.

खरा प्रश्न तोच आहे. अल्फा-अमायलेज हे विकर स्टार्चच्या साखळ्या तोडून लहान शर्करा करते. पीठ गोड लागते, पण रक्तातली साखर उलट लवकर चढते. (मंद आचेवर भाजलेले रताळे गोड होते तेही त्याच्यातच असलेल्या बीटा-अमायलेजमुळे.) पुलुलनेजचे काम वेगळे. स्टार्चला जिथे फांद्या फुटतात, तेवढेच सांधे ते तोडते. शिजवलेल्या पिठावर ते वापरून पीठ थंड केले, की मोकळ्या झालेल्या सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात आणि त्यांतला बराच भाग लहान आतड्यात पचत नाही, म्हणून साखर कमी चढते.

म्हणजे एकाच शब्दाखाली दोन विरुद्ध गोष्टी खपू शकतात! अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पाकिटांवर विकराचे नाव, साखरेचे प्रमाण आणि प्रत्यक्ष तपासलेला ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते याचे माप) छापणे सक्तीचे करावे. तोवर आईच्या ताटात वरीचा भात मोजून आणि दाण्याची आमटी एवढेच राहील.

– एक वाचक, सातारा