उल्लाळच्या मास्तरांस आभारपत्र

आदरणीय मास्तर,
सविनय नमस्कार.

उल्लाळवरचा माझा लेख अखेर पूर्ण झाला. त्यात जे काही नेमके उतरले आहे ते तुमच्यामुळे, म्हणून हे आभार मी जाहीरपणे मानते आहे.

मंगळुरूहून नेत्रावतीचा पूल ओलांडून केरळकडे जाणाऱ्याला उल्लाळच्या तोक्कोट्टूची गर्दी दिसते आणि हे शहराचेच वाढलेले टोक असावे असे वाटून तो पुढे निघून जातो. मीही पोर्तुगिजांशी लढलेल्या राणी अब्बक्कापुरतेच उल्लाळ मनात धरून आले होते. तुम्ही तिच्याविषयीचा अभिमान जराही कमी होऊ न देता मला तारखा नीट मांडायला लावल्या. पोर्तुगिजांच्या 1555 च्या चढाईला तोंड देणारी राणी आणि 1623 च्या अखेरीस पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाला भेटलेली राणी एकच असणे कठीण आहे, हे तुम्ही शांतपणे दाखवून दिलेत. त्या प्रवाशाने पाहिलेली राणी पाण्याच्या पाटांचे काम पाहायला अनवाणी, साध्या सुती वस्त्रात आली होती, हा तपशील तुम्ही सांगितलात तेव्हा घोड्यावरच्या पुतळ्यापेक्षा तीच मला अधिक जवळची वाटली.

सोमेश्वराचे देऊळ, सय्यद मदनींचा दर्गा, दर पाच वर्षांनी भरणारा तिथला उरूस हे सारे तुम्ही दाखवलेत. तुळू आणि ब्यारी बोलणाऱ्यांशी माझ्या वतीने तुम्हीच बोललात आणि त्यांचे म्हणणे पदरचे काही न घालता मला हिंदीत सांगितलेत. पण मला सर्वांत मोलाची वाटली ती किनाऱ्यावरची तुमची शिकवणी. नेत्रावती आणि फल्गुनी एकाच मुखाने समुद्राला मिळतात, मासेमारीच्या बोटींसाठी त्या मुखाशी लाटा अडवणारे बांध घातले गेले, किनाऱ्याने सरकणारी वाळू त्यामुळे अडली आणि पावसाळी लाटा उल्लाळची जमीन अधिक जोराने खाऊ लागल्या, हे तुम्ही ओल्या वाळूत काठीने रेघा ओढून समजावलेत. दरवर्षी टाकलेले दगड वाळूत कसे खचत जातात, आशियाई विकास बँकेच्या कर्जातून समुद्रात कृत्रिम खडक का उभारावे लागले आणि एका ठिकाणी लाट अडवली की दक्षिणेला उच्चिलच्या बाजूची माणसे का धास्तावतात, हेही तिथेच उलगडले.

बँकेच्या कर्जातून झालेल्या त्याच किनारा-संरक्षण कार्यक्रमात आमच्या रत्नागिरीचा मिऱ्या किनाराही होता. बंधाऱ्याच्या दगडांकडे मी लहानपणापासून पाहत आले, पण एका जागी केलेल्या बांधकामाची किंमत शेजारचे गाव मोजते का, हा प्रश्न मला तुमच्यामुळे पडला आणि आता मिऱ्यावर लिहिताना मी तोच आधी विचारणार आहे.

घरी काकूंनी आग्रहाने वाढलेले नीर डोसे आणि बांगड्याचे सार यांबद्दल त्यांचे वेगळे आभार. लेखाची प्रत टपालाने पाठवली आहे. गावांची नावे देवनागरीत लिहिताना कुठे गफलत झाली असेल तर कृपया लाल शाईने खुणा करून परत पाठवा. पुस्तकात घेण्यापूर्वी दुरुस्त करीन.

आपली कृतज्ञ,
मिऱ्याची एक लेखिका