२४०० मिलिमीटर कुठून कुठपर्यंत?

वेसावे, मुंबई
९ ऑक्टोबर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : सर्फबोर्ड बनवणाऱ्यांसाठी म्हणून विकलेल्या सीएनसी राउटर किटच्या चुकीच्या मापांबाबत

महोदय,

फोनवर चार वेळा बोलून झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ व्हिडिओ पाठवून झाले. आता लेखी देतो.

तुमच्या वेबसाइटवरून घेतलेलं किट, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर आकार कापणाऱ्या यंत्राचे सुटे भाग, नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात माझ्या गाळ्यात आलं. जीएसटी धरून २ लाख १८ हजार ३०० रुपये. त्यातले निम्मे पतपेढीचे. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो, यंत्र चालो न चालो.

मी कोण, हे तुमच्या इंजिनिअरला दर फोनला नव्याने सांगावं लागतं, म्हणून इथे एकदाच लिहितो. वडील होड्यांचं फायबरचं काम करतात. १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढल्या जातात आणि आम्हाला जेवायला उसंत नसते. बाकीचं वर्ष मात्र काम तुरळक. त्या रिकाम्या महिन्यांत मी सर्फबोर्ड बनवायला लागलो. थर्माकोलचा ठोकळा, मधोमध लाकडाची पट्टी, वरून ग्लासचं कापड आणि इपॉक्सी. होडीचं पॉलिस्टर रेझिन इथे चालत नाही, त्यातलं स्टायरिन थर्माकोल खाऊन टाकतं. हे शिकताना माझा पहिला बोर्ड गेला. वडील शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत.

हाताने आकार काढायला दोन दिवस जातात. गरम तार, रंधा, मग पॉलिश पेपर. तरी डावी कड आणि उजवी कड सारखी येईल याची खात्री नाही. डोळ्यांना कळत नाही, पण पाण्यात बोर्ड एका बाजूला ओढतो. परदेशात खास सर्फबोर्डसाठी यंत्रं मिळतात, पण ती माझ्यासारख्याने घ्यायची नसतात. म्हणून तुमची जाहिरात पाहिली तेव्हा खरंच आनंद झाला. 'लहान बोर्ड मेकर्ससाठी, कटिंग एरिया २४०० × ६०० × १५० मिमी.' मला साडेसात फुटी बोर्ड करायचे होते. शिकणाऱ्यांना लांब बोर्डच लागतो. साडेसात फूट म्हणजे २२८६ मिमी, वर दोन्ही टोकांना टूल, म्हणजे कापणारं पातं, बाहेर निघायला थोडी जागा. २४०० मध्ये बसतं. हिशोब करूनच पैसे भरले.

यंत्र जोडल्यावर टेप लावली. २४०० ही तुमच्या रेलची लांबी आहे, कटिंगची नाही. रेलवरून पळणाऱ्या गॅन्ट्रीची, म्हणजे टूल धरणाऱ्या आडव्या चौकटीची, बाजूची प्लेटच १८० मिमी रुंद आहे. दोन्ही टोकांना लिमिट स्विच (गॅन्ट्री टोकाला आली की यंत्र थांबवणारे) आणि स्टॉपर मिळून आणखी ६० गेले. टूल प्रत्यक्षात फिरतं ते २१६० मिमी, म्हणजे सात फूट एक इंच. दोन खोल्यांचं घर सांगून भिंतींची जाडीही चौरस फुटांत मोजणारे बिल्डर मुंबईत पाहिले होते. यंत्रातही तेच चालतं हे माहीत नव्हतं.

उंचीचं त्याहून वाईट. १५० मिमी हा स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारी मोटर, वर-खाली सरकायचा पल्ला आहे, तो बरोबर आहे. पण टेबलापासून गॅन्ट्रीच्या बीमच्या खालच्या कडेपर्यंत अंतर आहे ११० मिमी. सर्फबोर्ड म्हणजे सपाट फळी नव्हे. त्याचं नाक वर उचललेलं असतं, माझ्या डिझाइनमध्ये १२० मिमी, आणि त्यावर नाकाची स्वतःची जाडी. नाकापाशी ठोकळा १५० चा लागतो. तो बीमखालून जाणार कसा? जीभ लांब दिली आणि तोंड उघडतच नाही, असं हे यंत्र आहे. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या कापायला उत्तम असेल, पण मग जाहिरातीवर लाटेचा फोटो कशाला?

हे मला टेपने कळलं नाही, ठोकळा मोडून कळलं. पहिल्याच दिवशी सहा फुटी ठोकळा लावला होता. शेपटीकडून काम सुरू झालं, पाऊण तास छान चाललं, भुसा बर्फासारखा उडत होता. मग बीम नाकाला टेकला. मोटर करकरली, थर्माकोल कुईं करून दबलं, आणि मी इमर्जन्सीचं बटण दाबेपर्यंत यंत्र पुढेच चाललं होतं. तुमची स्टेपर मोटर एकेक ठरावीक पाऊल, म्हणजे स्टेप, टाकत फिरते, पण स्टेप चुकली हे तिला कळायची सोय नाही. कंट्रोलर मनात मोजत राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे गॅन्ट्रीला दोन बाजूंना दोन मोटर आहेत आणि स्टेप चुकल्या फक्त उजवीच्या. गॅन्ट्री तिरकी झाली. गुण्या लावला, मग दोन्ही कर्ण मोजले. फरक ६ मिमी. ज्या डाव्या-उजव्या फरकासाठी कर्ज काढलं, तोच फरक तुमच्या यंत्राने विकत दिला.

यावर तुमच्या इंजिनिअरचं उत्तर : "सर, बेल्ट टाइट करा." या अ‍ॅक्सिसला बेल्ट नाही. रॅक आणि पिनियन आहे, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक.

किरकोळ गोष्टींची तक्रार मी करत नाही. तुमचं पिनियन मॉड्यूल १ (दाताचं माप), २० दातांचं, म्हणजे एका फेऱ्यात गॅन्ट्री ६२.८३ मिमी सरकते. सेटिंगमध्ये तुम्ही ६० धरले होते, त्यामुळे एक मीटर सांगितला की ४७ मिमी जास्त पळायची. ते मी स्वतः बदललं. स्पिंडल सुरू केला की व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या डब्याच्या) विद्युत लहरींनी लिमिट स्विच खोटा अलार्म द्यायचे. लॅमिंग्टन रोडवरून शील्डवाली केबल आणली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, अलार्म गेले. स्वस्त किटमध्ये एवढं हाताने करावं लागतं हे मला मान्य आहे. माप खोटं निघालं तर मात्र हाताने काय करणार?

आता तुमचं २६ सप्टेंबरचं ईमेल. 'बिलावर जीएसटी क्रमांक आहे, खरेदी व्यावसायिक आहे, त्यामुळे ग्राहक कायदा लागू नाही.' ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २(७) आणि त्याखालचं स्पष्टीकरण कृपया वाचा. स्वतः राबून, केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'त धरत नाहीत. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स निकालात सुप्रीम कोर्टासमोर योगायोगाने सीएनसी यंत्रच होतं. तो खरेदीदार हरला, हे मी लपवत नाही. पण यंत्र स्वतः चालवणारा माणूस मदतीला एक-दोघं घेतो म्हणून ग्राहक राहत नाही असं होत नाही, हेही त्याच निकालात आहे. माझ्या गाळ्यात मी आणि माझा मेहुणा, तोही अर्धा दिवस. रेलची लांबी कटिंगची म्हणून छापणं कलम २(२८) प्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात ठरते असं माझं म्हणणं आहे. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात द्यायला तुम्ही बांधील आहात. नाहीतर मी माझ्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाईन. कलम ३४ मुळे मला तुमच्या शहरात यावं लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही.

मला पैसे परत मिळवण्यापेक्षा यंत्र चाललेलं हवं आहे. २७५० मिमीचे रेल आणि रॅक, गॅन्ट्री ८० मिमी उचलणाऱ्या बाजूच्या नव्या प्लेट, आणि दोन्ही मोटरना सुरुवातीची जागा ओळखणारे वेगळे होमिंग स्विच, म्हणजे सुरू करताना गॅन्ट्री आपोआप गुण्यात येईल. एवढं विनामूल्य पाठवा, जोडणी मी करतो. ते जमत नसेल तर यंत्र तुमच्या खर्चाने घेऊन जा आणि पूर्ण रक्कम परत करा. दोन्हीपैकी काहीही केलंत तरी जाहिरातीत रेलऐवजी टूल किती फिरतं ते छापा. माझ्यासारखाच कुणीतरी आज ते पान उघडून हिशोब करत असेल.

सोबत बिल, जाहिरातीचा त्या दिवशीचा स्क्रीनशॉट आणि टेप लावलेले फोटो जोडले आहेत.

यंत्र न्यायला गाडी पाठवणार असाल तर आमच्या गल्लीत छोटा हत्तीही शिरत नाही. पेटी हातगाडीवरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावी लागेल, चार माणसं लागतील. सकाळी मासळीची गडबड असते, दुपारी दोननंतर या.

आपला,
एक ग्राहक