खायचा सोडा, चुना आणि दोन फुटी समुद्र

ठाणे,
17 ऑगस्ट

प्रिय सुलू,

"ते डबकं अजून फेकलं नाहीस?" या तुझ्या प्रश्नाला फोनवर मी नुसतं "नाही गं" म्हटलं, कारण हे समोरच बसले होते आणि या बाबतीत त्यांचं आणि तुझं अगदी एकमत आहे. आत्ता ते बँकेत गेलेत. पासबुक भरून यायला दुपार होईल, तोवर सविस्तर लिहिते.

लेक म्युनिकला गेला आणि त्याची खाऱ्या पाण्याची टाकी मागे राहिली. दोन फूट लांब, दगड-वाळू वजा जाता साठेक लिटर पाणी. जाताना सूचनांचा कागद फ्रिजवर चिकटवून गेला होता. त्यातली "खाणं घाला" एवढी एकच सूचना आमच्या घरात पाळली गेली. तेव्हा माझ्यामागे कॉलेज होतं, पेपर होते. निवृत्त झाल्यावर एकदा खुर्ची ओढून त्या टाकीसमोर बसले. पाणी कडेपासून चार बोटं खाली गेलेलं. दिव्यावर आणि वायरींवर मिठाची पांढरी खपली. काचा हिरव्या, दगडांवर केसाळ शेवाळाचं रान. पण पाण्याला कुजका वास नव्हता. म्हणजे आत काहीतरी अजून धड चाललं होतं.

रात्री दिवा बंद करून टॉर्च मारला तेव्हा कळलं काय ते. दगडांच्या फटींतून गुलाबी, केसाळ ब्रिसल वर्म बाहेर आले होते आणि दिवसभराचा कचरा खात होते. एक हर्मिट क्रॅब शंख ओढत चालला होता. मागच्या अंधाऱ्या बाजूला मशरूम प्रवाळाच्या काही चकत्या, रंग उडालेल्या पण चिकटून बसलेल्या. झोअँथिडचा, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवांचा, एक पुंजका, तोंडं मिटलेला. आणि क्लाउनफिश. पूर्वी दोन होते, त्यातला मोठा गेला. ही जात फार गमतीची आहे. सगळे आधी नर असतात. जोडीतली मोठी ती मादी, आणि ती मेली की उरलेला नर मादी होतो. म्हणजे आमचा बंटी एव्हाना बंटीबाई झाला असणार. लेकाला कळवलं तर म्हणाला, "आई, नाव बदलू नकोस, कागदपत्रांचा घोळ होतो."

सासूबाईंचा सल्ला सरळ होता. सगळं उपसा, दगड उकळत्या पाण्यात घाला, ब्रशने घासा, नवीन पाणी भरा. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे हेच. सुलू, या टाकीत ते केलं तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे दगडांच्या छिद्रांत राहणारे, अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मरतात आणि मासा दोन दिवसांत अमोनियाने जातो. दुसरी गोष्ट जास्त भयंकर आहे. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. असा दगड उकळला तर वाफेतून ते विष श्वासात जातं. टाकीतले दगड घरी उकळून अख्खं कुटुंब इस्पितळात गेल्याच्या घटना परदेशांत झालेल्या आहेत.

तुला रेणू आवडतात म्हणून सांगते. हवाईतल्या माउई बेटावर हाना नावाच्या गावाजवळ समुद्राचं एक डबकं होतं. तिथल्या "शेवाळाने" भाल्याची टोकं माखली की शत्रू वाचत नाही, अशी स्थानिकांची दंतकथा, आणि त्या जागेला हात लावायला बंदी. ते शेवाळ नव्हतंच, झोअँथिडचा भाऊबंद निघाला. हवाई विद्यापीठाच्या मूर आणि शॉयर यांनी 1971 मध्ये त्यातून विष वेगळं काढलं. एका रेणूत 129 कार्बन! तो प्रयोगशाळेत जोडायला हार्वर्डच्या किशींच्या गटाला पुढे कितीतरी वर्षं लागली. आणि हा प्रकार माझ्या दिवाणखान्यात, शोकेसच्या शेजारी. आता टाकीत हात घालताना हातमोजे, डोळ्यांना चष्मा, बोटाला चीर असेल तर त्या दिवशी सुट्टी. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की दगडांत विष आहे. तेव्हापासून त्या टाकीकडे जरा आदराने बघतात.

मग मोजमाप. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाण्याचा थेंब टाकला तर घनता 1.033. हवी 1.025. साधं आहे गं, उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. पण ती घनता एका झटक्यात खाली आणायची नाही. गोगलगाई, प्रवाळ, खेकडे यांच्या शरीरातलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या क्षारतेबरोबरच चालतं, त्यांना धक्का सोसत नाही. म्हणून रोज थोडं थोडं गोडं पाणी, आठवडा-दीड आठवडा. नळाचं नाही. आपलं पाणी धरणांचं, तसं मऊच, पण त्यात क्लोरीन असतो. आरओचं पाणी घेतलं तरी यंत्रातला टीडीएसचा स्क्रू चवीसाठी थोडे क्षार परत सोडतो, म्हणून ते आणखी क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढावं लागतं. तू म्हणशील, समुद्र काय लांब आहे, आण की कळशीभर! मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी, तेही पावसाळ्यात? त्यात नद्या-नाल्यांचं गोडं पाणी, गाळ आणि काय काय. त्यापेक्षा बाजारात मिळणारं समुद्री मीठ लिटरला 35 ते 38 ग्रॅम घालून बादलीत रात्रभर फिरवत ठेवते. घरातलं आयोडीनचं मीठ अर्थातच चालत नाही. समुद्र म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड नव्हे, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलंच आहे.

खरी मजा कार्बोनेट कडकपणा, म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट किती ते, मोजताना आली. किटमध्ये सूचक घालायचा, मग आम्लाचे थेंब मोजत निळ्याचं पिवळं होईपर्यंत हलवत राहायचं. आपलं टायट्रेशन! फक्त ब्युरेटऐवजी प्लास्टिकची चिमुकली सिरिंज. आकडा आला 5 जर्मन अंश (हे कडकपणाचं एकक). समुद्रात साधारण 7 असतो, टाकीत 8-9 ठेवतात. कारण तुझ्या लगेच लक्षात येईल. अमोनियाचं नायट्रेट होताना हायड्रोजन आयन सुटतात, ते बायकार्बोनेट खातात, आणि इथे पाणी कुणी बदललंच नव्हतं. औषध? खायचा सोडा. 60 लिटरला एक अंश चढवायला साधारण 1.8 ग्रॅम, कागदावर गणित करून बघ, जुळेल. दिवसाला एका अंशापेक्षा जास्त चढवायचा नाही. मी स्वयंपाकघरातून वजनकाटा आणि सोडा घेऊन आले तेव्हा ह्यांना वाटलं ढोकळा होणार.

पाणीबदल आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी दहावा हिस्सा. वाळूच्या कोपऱ्यात काचेतून काळा पट्टा दिसत होता, तिथे सायफनची नळी घातली आणि किपचं उपकरण घरी आलं! तोच वास, एफवायच्या प्रयोगशाळेतला, आपण खिडकीशी पळायचो तो. हायड्रोजन सल्फाइड, किपच्या उपकरणात बनवायचो तो विषारी वायू. सगळी वाळू एकदम ढवळली असती तर बंटीबाईचं काही खरं नव्हतं. एका वेळी वाटीभर वाळू काढते, बाकीची तशीच ठेवते. आता निम्म्याहून जास्त काम झालंय.

आणि एप्टेशिया. हे तुला दाखवायलाच हवं. तपकिरी, पारदर्शक, बोटाच्या पेराएवढं समुद्रफूल, दिसायला नाजूक. दगडांवर जिथे पाहावं तिथे. उपटायला गेलं तर सुरकन फटीत शिरतं, आणि पायाचा कणभर तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवीन उगवतं. शेजारच्या प्रवाळांना डंख मारतं. त्यावर उपाय म्हणजे विड्याला लावतो तो चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानवाल्याच्या डबीत आणखी काय असेल सांगता येत नाही, म्हणून मी प्रयोगशाळेच्या दर्जाचा मागवला. दह्याइतका दाट कालवायचा, बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरायचा, पाण्याचे पंप बंद करायचे. मग हात अजिबात न हलवता सुई त्याच्या तोंडाशी न्यायची. त्याला वाटतं खाणं आलं. ते मिटत नाही, उलट सोंडा आत वळवून घेतं. तेवढ्यात दट्ट्या हळूच दाबायचा. पांढरा चुना आत जातो, फूल आकसतं, वरून एक थर द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्यायचं. एका बैठकीत चार-पाचच, नाहीतर पाण्याचा पीएच उसळतो. इतका सूड मला या वयात घेता येईल असं वाटलं नव्हतं. पेपरमिंट नावाची कोळंबी यांना खाते म्हणतात, पण मला चुनाच बरा वाटतो.

तापमानाचं मात्र अवघड आहे. पाणी 25-26 अंशांवर हवं, मेमध्ये ते 30 च्या वर होतं. मशरूम फिकट पडले त्याचं कारण बहुधा हेच. उष्णतेने प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं; 1998 साली लक्षद्वीपचे खडक पांढरे पडले ते याच कारणाने. चिलर परवडणारा नाही. पाण्यावर छोटा पंखा लावलाय, माठाचंच तत्त्व. दोन अंश उतरतात, पण पाणी दिवसाला लिटरभर उडतं, म्हणजे पुन्हा गोड्या पाण्याची भर. पावसाळी दमट हवेत त्या पंख्याचाही जोर कमी होतो.

भाऊजींना सांग, मालवणहून प्रवाळाचा तुकडा आणायचा बेत मनापासून आवडला, पण आणू नका. मेलेलाही नको. खडक बांधणारी सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. शिवाय तुमच्याकडे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून दगड उचलणं वेगळंच महागात पडेल. माझ्या टाकीत फक्त मऊ जातीची आहेत आणि तेवढीच राहतील. बंटीबाईला जोडीदार आणायचा झाला तर पैदाशीतला आणीन. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपमला क्लाउनफिशची पैदास केव्हाच यशस्वी केली आहे, खडकांवरून पकडलेला मासा घ्यायचं कारणच नाही.

आता तुझ्याकडे काम. फॉस्फेट, म्हणजे त्या शेवाळाचं खाद्य, माझ्या आवाक्यात येत नाही. पाणी बदललं की उतरतो, तीन-चार दिवसांत परत वर. दगड कॅल्शियम कार्बोनेटचे. इतके दिवस त्यांनी शोषून ठेवलेला फॉस्फेट पाण्यातला कमी झाला की ते परत सोडतात. हे किती काळ चालणार ते आलेखावरूनच कळेल, आणि किटच्या निळ्या छटा माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच दिसतात. तुमच्या कॉलेजात रंगाची गडदता आकड्यात मोजणारा कलरीमीटर आहे ना? फॉस्फेट मोजायची मर्फी-रायलीची 1962 ची मॉलिब्डेनम ब्लू पद्धत मुलांना प्रकल्प म्हणूनही देता येईल. ह्यांचा पुतण्या गणपतीला कोकणात येतोय, त्याच्याबरोबर थर्मासात बर्फ घालून नमुने पाठवते. बाटल्यांवर तारखा असतील. बाटल्या आम्लाने धुतल्यात, फॉस्फेटच्या साबणाने नाही, ते तू विचारणारच. नमुने पोचले की त्याच दिवशी लाव, ठेवून देऊ नकोस, आणि कलरीमीटरवरच्या शोषणांकासकट आकडे कळव, नुसतं "बरं आहे" म्हणून कळवू नकोस.

भाऊजींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझी,
कुंदा